पक्ष आपला, पण उमेदवार नको : नागपूरच्या मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक लागली की मानेवाड्याच्या आमच्या चहाटपरीवर एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं, "पक्ष बरोबर आहे हो, पण हा माणूस नाही जमत." म्हणणारा कधी कमळवाला असतो, कधी पंजावाला, कधी हत्तीवाला. मतदार नोंदणीच्या कामात मदत करताना याच गोष्टीवरचे प्रश्न इतक्यांदा आले, की उत्तरं एकदाची लिहून काढली. आज मी कुठल्याच पक्षात नाही. पूर्वी एकात होतो, ते खाली येईलच.

टोकाचा उमेदवार म्हणजे नेमका कोणता? जोरजोरात बोलणारा?

आवाजावर जाऊ नका. जांबुवंतराव धोटे यांच्याइतका तडाखेबंद वक्ता विदर्भानं क्वचितच पाहिला असेल. नागपूरनं त्यांना १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकच्या आणि १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत पाठवलं. ते कडक होते, पण त्यांचं भांडण मुंबईशी होतं, शेजारच्या मोहल्ल्याशी नव्हतं.

माझी खूण साधी आहे. आपल्याच मतदारसंघातल्या काही लोकांना जो मतदार न समजता अडचण समजतो, तो टोकाचा. मग तो धर्मावरून बोलो, जातीवरून बोलो, की "परप्रांतीय" म्हणून बोलो. असे लोक सगळ्याच पक्षांत सापडतात. फक्त आपल्या पक्षातला आपल्याला "स्पष्टवक्ता" वाटतो.

कायद्याची रेघ थोडी वेगळी आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) प्रमाणे धर्म, जात, वंश किंवा भाषेच्या नावानं मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो. कलम १२५ खाली निवडणुकीत समाजासमाजांत वैर पेटवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या प्रचारभाषणांवरून विजयी उमेदवार रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ते कायम केलं आणि पुढे ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. पण मध्ये किती वर्षं गेली ते मोजा. न्यायालय निकाल देईपर्यंत त्या माणसाची मुदत संपत आलेली असते. आपला निकाल मतदानाच्या दिवशीच लागतो.

आपण चिन्हाला मत देतो ना? उमेदवाराकडे काउन पाहायचं?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संविधानाच्या दहाव्या परिशिष्टामुळे, म्हणजे पक्षांतरबंदीमुळे, आमदार-खासदाराला व्हिप (पक्षाचा आदेश) पाळावा लागतो. सभागृहात पक्ष सांगेल तिथेच त्याचं मत पडतं, मोडलं तर अपात्रता. मग माणूस कसाही असला तरी मत पक्षाचंच, असं कोणी म्हणालं तर ते अर्धं खरं आहे.

उरलेलं अर्धं असं. व्हिप हात वर करण्यापुरता असतो. माइक त्याचा असतो, लेटरहेड त्याचं असतं, रात्री अकरा वाजता पोलीस ठाण्यात जाणारा फोन त्याचा असतो. तुमच्या गल्लीत गणपतीच्या मिरवणुकीवरून वाद झाला, तर तिथे पक्षाचा जाहीरनामा येत नाही. तो माणूस येतो, आणि त्याच्यासोबत त्याची पोरं येतात. १७ मार्च २०२५ ला महालात जी दंगल झाली, त्यानंतरच्या संचारबंदीत ज्यांची दुकानं बंद राहिली त्यांना विचारा, वातावरण कोण तापवतो आणि भरपाई कोणाच्या खिशातून जाते.

खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. तो कुठल्या वस्तीत जाईल यावरही व्हिप नसतो.

पण खरंच लोक यापायी पक्ष बदलतात का? की नुसत्या गप्पा?

बदलतात. सगळे नाही, आणि सगळीकडे नाही.

यावर सर्वात जास्त आकडेमोड अमेरिकेत झाली आहे, कारण तिथे पक्षाचा उमेदवार आधी प्राथमिक निवडणुकीत मतदार निवडतात. अँड्र्यू हॉल या राज्यशास्त्रज्ञानं १९८० ते २०१० मधल्या प्रतिनिधीगृहाच्या निवडणुका तपासल्या. प्राथमिक फेरीत मवाळ उमेदवाराला निसटतं हरवून टोकाचा उमेदवार पुढे आला, की मुख्य निवडणुकीत पक्षाची मतं सरासरी ९ ते १३ टक्के बिंदूंनी घटली, असं त्याला दिसलं. अलाबामाचं उदाहरण तर पाठ करून ठेवण्यासारखं आहे. २०१६ मध्ये ट्रम्प यांना भरभरून मतं देणाऱ्या या राज्यात डिसेंबर २०१७ च्या सिनेट निवडणुकीत रिपब्लिकन रॉय मूर पडले. त्यांचे विचार टोकाचे होतेच, शिवाय अल्पवयीन मुलींबाबत गंभीर आरोप झाले होते. अंतर होतं २२ हजारांच्या आत. आणि मतपत्रिकेवर स्वतःच्या हातानं तिसरंच नाव लिहिणारे मतदार निघाले त्या अंतराहून जास्त. पक्ष सोडवेना, त्या माणसाला मतही देववेना, म्हणून त्यांनी पेन काढला.

आपल्याकडे चित्र इतकं सरळ नाही. भोपाळमध्ये २०१९ ला प्रज्ञासिंह ठाकूर यांनी प्रचारात गोडसेला देशभक्त म्हटलं, पंतप्रधानांनी मनातून माफ करणार नाही म्हटलं, तरी त्या साडेतीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आल्या. २०२४ ला पक्षानंच त्यांना तिकीट दिलं नाही. रमेश बिधुरी यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत एका मुस्लिम खासदाराला शिवीगाळ केली. लोकसभेचं तिकीट कापलं गेलं, पण २०२५ मध्ये कालकाजीतून विधानसभेचं मिळालं आणि ते हरले. म्हणजे कधी मतदार शिक्षा देतो, कधी पक्ष देतो, आणि कधी दोघंही विसरतात.

आता आपल्या शेजारचं अमरावती. नवनीत राणा २०१९ ला अपक्ष, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्यानं जिंकल्या. २०२४ ला भाजपकडून लढल्या आणि काँग्रेसच्या बळवंत वानखडे यांच्याकडून १९,७३१ मतांनी हरल्या. मधल्या काळात हनुमान चालिसाचं प्रकरण गाजलं होतं. टपरीवर लोक ठामपणे सांगतात, "त्या पंधरा सेकंदांच्या भाषणानं पडल्या." हे चूक आहे. ओवेसी बंधूंना "आम्हाला पंधरा सेकंदच लागतील" म्हणणारं ते भाषण मे महिन्यात हैदराबादेत झालं, अमरावतीचं मतदान २६ एप्रिलला उरकलं होतं. शिवाय बच्चू कडू यांच्या प्रहारनं महायुतीत असून स्वतंत्र उमेदवार दिला होता, कापसा-सोयाबीनचे भाव होते, संविधानाचा मुद्दा होता. एका निकालाला एकच कारण चिकटवणाऱ्याकडून शंभर रुपयेसुद्धा उसने घेऊ नका.

संविधानाच्या मुद्द्यानं नागपुरात फरक पडला का?

२०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटकातले भाजपचे खासदार अनंतकुमार हेगडे बोलले, की संविधान बदलायला ४०० च्या वर जागा पाहिजेत. पक्षानं वैयक्तिक मत म्हणून हात झटकले, त्यांचं तिकीटही गेलं. पण वाक्य निघालं ते निघालं. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, तिथे हे वाक्य इंदोऱ्यात, जरीपटक्यात, पाचपावलीत घरोघरी पोहोचायला कोणा नेत्याची गरज नव्हती. उत्तर कन्नडमधल्या माणसाचं ओझं नागपूरच्या उमेदवाराला उचलावं लागलं. नितीन गडकरी जिंकले. मताधिक्य मात्र २०१४ ला पावणेतीन लाखांच्या वर, २०१९ ला २ लाख १६ हजार, असं येत येत २०२४ ला १ लाख ३७ हजारांवर आलं. त्यातलं किती संविधानाचं, किती काँग्रेसचे उमेदवार विकास ठाकरे यांचं, किती कंटाळ्याचं, हे कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐका आणि चहा संपवा.

नागपूर तर गडच आहे. इथे मत बदलून काय होते?

कोणाचा गड, ते साल सांगा मग बोलू. १९७७ ला सगळा उत्तर भारत जनता पक्षाकडे गेला, नागपूरनं काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून दिले. संघाचं मुख्यालय महालात, रेशीमबागेत स्मृतिमंदिर, आणि १९९८ पासून सलग चार वेळा लोकसभेत काँग्रेसचे विलास मुत्तेमवार. बनवारीलाल पुरोहित १९८४ आणि १९८९ ला काँग्रेसकडून खासदार झाले, पक्ष बदलून १९९१ ला पडले, १९९६ ला भाजपकडून जिंकले. म्हणजे उमेदवार गेला म्हणून मतदार लगेच मागे गेला नाही, त्याला पाच वर्षं लागली.

पदवीधर मतदारसंघ हे त्याहून ताजं उदाहरण. गडकरी १९८९ पासून पंचवीस वर्षं तिथून विधान परिषदेवर होते. डिसेंबर २०२० मध्ये तीच जागा काँग्रेसचे अभिजित वंजारी यांनी घेतली. तिथे टोकाचा उमेदवार वगैरे काही नव्हता, समोर शहराचे महापौर होते. सांगायचं इतकंच, की गडाच्या भिंती मतदारांच्याच असतात आणि त्या चालतात.

महापालिकेत चार मतं असतात. चारही एकाच पक्षाला द्यावी लागतात का?

अजिबात नाही, आणि हे फार लोकांना माहीतच नसतं. आपल्याकडे प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि प्रत्येक जागेचं मत स्वतंत्र. पॅनलचा प्रचार "चारही बटणं एकाच चिन्हाची" असा होतो, कारण चारातला एक नेहमी बाकी तिघांच्या पाठीवर बसून येतो. तो एक जर तुम्हाला नको असेल, तर तिघांना द्या आणि त्याच्या जागी दुसऱ्या पक्षाचा किंवा अपक्ष निवडा. पक्ष सोडायची गरजच नाही, फक्त एक बोट बाजूला सरकवायचं. मात्र चारही जागांसाठी बटण दाबा, कोणीच नको असेल तिथे नोटा दाबा. मत पूर्ण झाल्याचा आवाज ऐकूनच बाहेर या.

माझ्या मते टोकाच्या उमेदवाराला वेगळं काढण्याची याहून सोपी सोय आपल्या देशात दुसरीकडे क्वचितच असेल.

पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात काय करायचं?

तिथे पसंतीक्रम असतो. मशीन नाही, कागदी मतपत्रिका आणि केंद्रावर मिळणारा जांभळा स्केचपेन. पहिली पसंती लिहिणं आवश्यक, पुढच्या ऐच्छिक. आकडाच लिहायचा, "एक" असं अक्षरात लिहिलं की मत बाद. ज्याला बिलकुल द्यायचं नाही, त्याच्यापुढची चौकट कोरी सोडा. पदवीधरच इथे मतं बाद करतात, हे पाहून आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक दर वेळी कपाळाला हात लावतात.

नोटा दाबू का?

सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर हे बटण आलं. लोकसभा-विधानसभेत नोटाला पहिला नंबर मिळाला, तरी त्याच्या खालचा उमेदवार विजयी होतो. लातूर ग्रामीणला २०१९ ला नोटाला २७ हजारांहून जास्त मतं पडून दुसरा क्रमांक आला, जिंकणाऱ्याचं काही बिघडलं नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी वेगळा नियम केला, नोटा पहिली आली तर फेरनिवडणूक.

नोटाची खरी अडचण अशी की ती मुकी आहे. तुम्ही उमेदवारावर रागावलात, पक्षावर, की नळाला पाणी येत नाही म्हणून, हे तिच्यातून कळत नाही.

मग घरीच बसलो तर?

नागपुरात खरं म्हणजे हेच होतं. २०२४ च्या लोकसभेला मतदान ५४ टक्क्यांच्या आसपास होतं. एप्रिलचं ऊन हे कारण सांगायला बरं, पण त्या न गेलेल्यांत "आपलाच पक्ष, पण हा माणूस" म्हणणारे बरेच असतात. टोकाच्या उमेदवाराला हे सोयीचंच असतं. त्याचे कट्टर लोक सकाळी सातला रांगेत उभे असतात. मवाळ माणूस पंख्याखाली रुसून बसला, की त्या रांगेचं वजन आपोआप वाढतं.

मी कोणाला दिलं ते पक्षाला कळते का?

तुमचं एकट्याचं नाही. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते आणि डब्यात पडते, हातात मिळत नाही. कोणी "फोटो काढून दाखव" म्हणत असेल तर केंद्रात मोबाइलच नेता येत नाही, हे सांगून मोकळे व्हा.

बूथचं मात्र कळतं. निकालानंतर फॉर्म २० मध्ये बूथनिहाय आकडे निघतात आणि नगरसेवकाची माणसं ते घेऊन गल्लीगल्लीचा हिशेब मांडतात. हे टाळायला अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असा आयोगाचा प्रस्ताव २००८ पासूनचा आहे. अजून आलेलं नाही. म्हणून सातशे मतांच्या बूथवर साठ मतं हलली तर ती दिसतात. एका अर्थी बरंच आहे. हललेली मतं दिसायलाच हवीत.

मी पक्षाचा सदस्य आहे. पक्षांतरबंदी लागते का?

नाही हो. तो १९८५ चा कायदा निवडून आलेल्यांना लागतो. नगरसेवकांसाठी राज्याचा १९८६ चा वेगळा कायदा आहे. मतदाराला कुठलाच नाही. तुम्ही मिस्ड कॉल देऊन सदस्य झालात म्हणून बोट कोणी बांधून ठेवलेलं नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मतदार नोंदणीतच पक्ष लिहिला जातो. आपल्या यादीत नाव, वय, घर क्रमांक, बस्स.

घरचे "गद्दार" म्हणतात. काय सांगू?

ज्या राज्यात २०२२ पासून आमदारांचे गटच्या गट इकडून तिकडे गेले, तिथे एका मतासाठी हा शब्द जरा जड होतो, असं आमच्या वहिनी म्हणतात. पण गंमत सोडली तर हे दुखतं. विशेषतः जिथे तीन पिढ्या एकाच चिन्हावर मत पडलं आहे. माझा सल्ला: मतदानाच्या आधीच्या आठवड्यात वाद घालू नका, कोणी ऐकत नाही. त्या उमेदवाराचं भाषण घरात सगळ्यांसमोर पूर्ण लावा, कापलेली क्लिप नको, आणि आजी-आजोबांना विचारा, "हे आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईसमोर बोलवेल का?" आमच्याकडे आजोबांनी टीव्ही बंद करायला सांगितला. मत कोणाला दिलं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

उमेदवाराबद्दल खरं कुठे कळेल?

अर्जासोबतचं फॉर्म २६ चं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. खटले, मालमत्ता, शिक्षण, सगळं. गुन्हे असतील तर उमेदवाराला ते वर्तमानपत्रांत तीनदा छापावे लागतात आणि २०२० पासून पक्षालाही सांगावं लागतं, की दुसरा कोणी का नाही मिळाला. उत्तरं वाचून पाहा. बहुतेक ठिकाणी "लोकप्रियता" असं काहीतरी असतं. प्रचारात भडकाऊ काही दिसलं तर सी-व्हिजिल ॲपवर टाका, शंभर मिनिटांत दखल घ्यायची पद्धत आहे.

समोरचा उमेदवारही तसाच असेल तर?

मग अपक्ष, छोटा पक्ष, नाहीतर नोटा. निवडून येणार नाही म्हणून मत वाया गेलं, असं मी मानत नाही.

पक्षाला कळणार कसं, की याच माणसापायी माझं मत गेलं?

आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि निकालानंतर सांगून फार उपयोग नाही, कारण पडलेल्या उमेदवाराच्या नावानं शंभर कारणं सांगणारे आधीच रांगेत असतात. वेळ असते ती एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत तिकिटाचा कागद, निघण्याआधीची. आपल्याकडे तिकीट मतदार ठरवत नाहीत, शहराध्यक्ष, निरीक्षक आणि वरचे लोक ठरवतात. निरीक्षक आला की वाड्यावर गर्दी इच्छुकांची आणि त्यांच्या पोरांची. साधा मतदार तिथे फिरकतच नाही. पाच-दहा जण एकत्र जाऊन म्हणाले, की "याला दिलं तर आम्ही नाही," तर ते वहीत लिहिलं जातं. मी लिहिताना पाहिलं आहे.

माझी स्वतःची गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका पक्षाचा बूथवाला होतो, स्लिपा वाटायचो. आमचा उमेदवार कोपरासभेत पलीकडच्या दोन गल्ल्यांतल्या लोकांबद्दल जे बोलला, ते मी इथे लिहिणार नाही. त्यातल्या एका गल्लीत माझा शिंपी राहायचा. सकाळी मी त्याच पक्षाच्या टेबलावर बसलो, दुपारी जाऊन दुसऱ्याला मत दिलं आणि रात्री शहर कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिलं, नावानिशी. उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पदाधिकारी वांग्याची भाजी वाढून घेता घेता म्हणाले, "भाऊ, तुमचं पत्र वाचलं होतं. तशी आणखी नऊ आली होती." पुढच्या वेळी तिकीट पुन्हा त्यालाच मिळालं. दहा पत्रं कमी पडली.

पुढच्या वेळी चांगला माणूस दिला तर परत जाऊ का? लोक हसतील ना.

जा की. उत्तर नागपूरनं २०१४ ला काँग्रेसच्या नितीन राऊत यांना घरी बसवलं, बसपानंही भरपूर मतं घेतली आणि जागा भाजपच्या मिलिंद माने यांना गेली. २०१९ ला आणि २०२४ ला तीच जागा पुन्हा राऊत यांच्याकडे. कोणी हसलं नाही. हसायचंच असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा इतवारीत उभे राहा. तिथे बडग्ये, म्हणजे टिंगलीचे पुतळे, उमेदवारांचे निघतात. मतदाराचा बडग्या मी अजून पाहिलेला नाही.

मीही परत गेलो होतो, तिसऱ्या निवडणुकीत, उमेदवार बदलल्यावर. टेबलावर नवीन पोरगा होता. त्यानं यादीत माझं नाव शोधलं, शेजारी पेन्सिलनं काढलेलं प्रश्नचिन्ह पाहिलं, मला विचारलं, "काका, हे काय आहे?" मी म्हटलं, "राहू दे तसंच."